तुंबाड, हस्तर आणि पिठाची बाहुली

'तुंबाड'वर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. १२ ऑक्टोबर २०१८ला तो आला तेव्हा थिएटरातून कधी गेला ते फारसं कुणाला कळलंही नाही. मग १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मी दोन्ही वेळा पाहिला. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे सगळं फोडलेलं आहे.

लोक त्याला भयपट म्हणतात. मला विचाराल तर ती चक्क आजीची गोष्ट आहे, खरी माणसं घेऊन पडद्यावर आणलेली. हस्तर हा देवीचा पहिला, लाडका मुलगा. त्याने सोनं घेतलं, पण धान्याला हात घालायच्या आत बाकीच्या देवांनी त्याला अडवलं. म्हणून तो देवीच्या पोटात कायमचा भुकेला. आत उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, पिठाची बाहुली पुढे टाकायची आणि तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या. तो शिवला तर संपलं. नियम इतके साफ, की दहा वर्षांचं पोरसुद्धा पुढच्याला नीट सांगेल. गोष्ट सांगणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं, साखळीने बांधलेल्या म्हातारीवर नारायण धारपांच्या 'आजी' कथेची छाप. पण दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी त्यातून केलेला पदार्थ त्यांचा स्वतःचा आहे. पावसाला तर तोड नाही. पंकज कुमारच्या कॅमेऱ्याने टिपलेलं ते ओलं, करडं, बुरसटलेलं आभाळ पाहताना मला आमचं तुडील आठवलं. खाडीपट्ट्यात आषाढात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, तेव्हा घरात जो वास असतो ना, तो मला थिएटरात आला. (गंमत म्हणजे वाड्याचं बरंच चित्रीकरण सासवडला झालंय, जिथले लोक पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतात!) आणि दुसऱ्या भागातली ती म्हातारी, जिच्या अंगातूनच झाड उगवलंय. मरण येत नाही म्हणून ती गुपित विकते, आणि किंमत काय, तर मला जाळ. ते दृश्य पाहून माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा पॉपकॉर्न खाणारा हात थांबला होता.

आमच्या आजीच्या गोष्टीत हस्तर नव्हता, गिऱ्हा होता. तो खाडीच्या पाण्यात राहायचा. युक्तीने त्याचा केस मिळवायचा आणि मांडी चिरून आत लपवायचा, मग तो घरगडी होऊन राबतो, म्हणाल ते आणून देतो. केस सापडला की घराचं वाटोळं करून जातो. हस्तर आणि गिऱ्हा सख्खे भाऊ शोभतील. फरक एवढाच, की आजीने गिऱ्हा कुठून आला, त्याची आई कोण, हे कधीच सांगितलं नाही. सिनेमा मात्र सुरुवातीलाच हस्तरचं सगळं पुराण सांगून टाकतो, वर गांधीजींचं हावरेपणावरचं वाक्यही लिहून ठेवतो. आधीच तात्पर्य वाचून कोण गोष्ट ऐकतं? ते पुराण पोराने आपल्या आईच्या तोंडून तुकड्यातुकड्याने ऐकलं असतं तर जास्त भीती वाटली असती.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. गोष्टीचे तीन भाग आहेत, १९१८, १९३३ आणि १९४७. आता १९३३ म्हटलं की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला काय आठवतं? चरीचा संप. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांची जमीन कसायचं बंद केलं, ते १९३९पर्यंत. १९३७मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, आणि कायदा यायला १९४९ उजाडलं. कोकणातल्या वाड्यात संपत्ती आली ती कुठल्या देवीच्या पोटातून नव्हे, कुळाच्या खळ्यातून. माझ्या पणजोबांच्या खळ्यावर भात झोडून झालं की आधी खोताची मापं भरायची, आणि मग उरलेलं कणगीत जायचं. कणगी कधी भरलेली आठवत नाही, असं आजी म्हणायची.

आणि बघा, सिनेमा किती जवळ येऊन गेलाय. सोनं मिळालेला पण धान्य न मिळालेला देव! ज्याच्याकडे मोहरा आहेत तो पिठासाठी तडफडतोय, म्हणजे खोती अक्षरशः उलटी टांगलेली. इतकी अस्सल कल्पना हातात असताना तुंबाडच्या त्या वाड्यासाठी राबणारी कुळं गोष्टीतून गायब. सरकार आहे, त्याचा वाडा आहे, त्याचा पाऊस आहे. भात कुणी लावलं? शेवटी १९४७मध्ये वाडा सरकारजमा होणार असं कळतं तेव्हा आपल्याला विनायकची घाई दिसते, पण जमीन कुणाच्या हातून कुणाच्या हाती चाललीय हे गोष्टीला माहीतच नाही. म्हणून मग हाव ही एका घराण्याची वाईट खोड होऊन राहते.

भाषेचंही तसंच. ज्योती माळशे, अनिता दाते, दीपक दामले अशी आपली माणसं, नावं विनायक आणि सदाशिव, आणि बोलतात हिंदी. पैशाचं गणित असेल, समजू शकतो. पण म्हातारीला झोपवताना हस्तरचं नाव घ्यायचं, ते मराठीत कसं वाटलं असतं याचा विचार मी दोन्ही वेळा केला.

शेवटाबद्दल दोन मतं आहेत. एकाच्या जागी अनेक हस्तर येतात ते मला जरा जास्तच वाटलं, तिथे भीतीपेक्षा गर्दीच जाणवते. पण त्याआधीचं शिक्षण मात्र बेफाम. विनायक पोराला दोरीवरून उतरायला शिकवतो, जसं कुणी आपल्या पोराला विहिरीत पोहायला शिकवावं. पोरगं बापाच्या एका शाबासकीसाठी मरायला तयार. तिथे ना राक्षस आहे, ना मोहरा, आणि तरी अख्ख्या सिनेमात मला सगळ्यात जास्त भीती तिथेच वाटली.

भाच्याला दाखवला तर त्याने एकच विचारलं, "मामा, रोज एकच मोहर आणली असती तर?" मी म्हटलं, आजोबांना विचार. आजोबा म्हणाले, रोज पायलीभर पीठ कोण देणार होतं?