वरंधा घाटांतील खरखराट

भोरहून महाडास जावयाचें, तर निरा-देवघर धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेनें जाऊन वरंधा घाट उतरावा लागतो. सह्याद्री येथें एकाएकीं तुटतो. एका अंगास भिंतीसारखा डोंगर, दुसऱ्या अंगास खोल दरी, आणि मधून वळणांमागून वळणें घेत जाणारा अरुंद रस्ता. पावसाळ्यांत दरडींच्या भयानें तो वेळोवेळीं बंद ठेवितात. वाघजाईच्या देवळापाशीं वाटसरू थांबतात, गरम भजीं खातात, आणि दासबोधाचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेल्या शिवथरघळीच्या खोऱ्याकडे पाहत उभे राहतात.

मागें एका हिवाळ्यांत आम्ही सहकुटुंब या वाटेनें गेलों. मोटार आमचा पुतण्या चालवीत होता. देऊळ मागें पडल्यावर एका वळणावर तिसऱ्या गिअरांतून दुसऱ्यांत येतांना क्लच पुरता दाबला गेला नाहीं, आणि पेटींतून असा कर्कश खरखराट झाला, कीं मागें बसलेल्या वहिनींनीं गणपतीचें नांव घेतलें! "काका, दांत तुटले असणार," म्हणून पुतण्याचा चेहरा उतरला. पुन्हां दुसरा गिअर टाकावयास त्याचा हात धजेना. तिसऱ्यांतच, ब्रेक दाबीत, तो गाडी उतरवूं लागला. थोड्याच वेळांत जळकट वास आला. तेव्हां रुंद जागा पाहून आम्हीं गाडी उभी करविली आणि ब्रेक निवूं दिले.

येथें थोडा खुलासा हवा. आजच्या मोटारींत पुढें जाण्याच्या गिअरांचीं दांतेरी चाकें नेहमीं एकमेकांत गुंतलेलींच असतात. गिअर टाकतांना सरकतें तें चाकास दांड्याशीं जोडणारें कडें. आणि तत्पूर्वीं एक पितळी कडें घर्षणानें दोहोंची गति सारखी करून घेतें. ही योजना १९२८ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारींत प्रथम आली. त्याआधीं चालकास क्लच दोनदां दाबून गति स्वतःच जुळवावी लागे. गति जुळण्यापूर्वींच गिअर रेटला, कीं जोडकड्याचे दांत घासतात. खरखराट तो त्यांचाच. एखाद्या वेळच्या घासण्यानें पेटी सहसा निकामी होत नाहीं. क्लच पुरता दाबूनही तोच गिअर वारंवार खरखरूं लागला, आपोआप सुटूं लागला, किंवा तेल बदलतांना धातूचे तुकडे निघाले, तर मात्र कारागिरास दाखवावें.

घाटांत खरें जपावयाचें तें ब्रेकांस. ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत उतरावा, हा जुना नियम. खालच्या गिअरांत एंजिनच गाडीस आवरून धरतें. सारा भार ब्रेकांवर टाकला, तर ते तापून पकड सोडतात. मात्र भरवेगांत एकदम फार खालचा गिअर टाकूं नये. त्यानें एंजिन मर्यादेबाहेर फिरून मोडण्याचा संभव असतो. आधीं ब्रेकनें वेग कमी करावा, क्लच तळापर्यंत दाबावा, आणि वळण येण्यापूर्वींच गिअर बदलावा.

पुतण्यानें उरलेला घाट दुसऱ्या गिअरांत निमूटपणें उतरविला, आणि पेटीनें पुढें तक्रार केली नाहीं. खरखराटाचें भय वाटणें साहजिक आहे. परंतु त्या भयापायीं उतारावर खालचा गिअर टाळणें हाच मोठा धोका होय.