मागचं इंजिन

विठ्ठलवाडीत आमच्या घरामागून कर्जतची लाइन जाते. बाबा कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर. भोंग्यावरून ओळखतात, कुठलं इंजिन चाललंय. 'इंजिन'चा दुसरा अर्थ मला मायक्रोसॉफ्टच्या ट्रेन सिम्युलेटरने शिकवला. २००१ सालचा खेळ. त्यात जपानी लाइन होत्या, ऑस्ट्रियातली होती, कर्जत नव्हतं.

पण फोल्डर उघडं होतं. इंजिनाची ताकद, वजन, ब्रेक सगळं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. नोटपॅडमध्ये उघडायची, आकडा बदलायचा आणि सेव्ह करताना न विसरता 'युनिकोड' निवडायचं. एकदा विसरलो. खेळ सुरूच होईना, आणि मी रात्रभर आकडे तपासत बसलो!

मी डब्ल्यूसीएएम-३ इंजिन करायला घेतलं. कमाल वेग १०५, ताकद ५००० अश्वशक्ती. बाबा म्हणाले, "ते एसीवर. घाटात डीसी आहे, ४६०० भर." फाइलमध्ये रकाना एकच. ४६०० भरले. केबिन नि भोंगा मात्र उसना, खेळातल्या अमेरिकन डॅश-९ चा.

मग रूट एडिटरमध्ये बोरघाट आखला, ३७ ला १ चढ. कर्जतला मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, जोडले. थ्रॉटल दिला तशी पुढची-मागची इंजिनं एका दमात हलली.

"हे कसले बँकर? मागे वेगळा ड्रायव्हर असतो रे. पुढच्याची शिटी ऐकून ढकलतो."

तो ड्रायव्हर कुठल्याच फाइलमध्ये सापडेना. आकडे माझ्या हातात होते, पण गाडीने वागायचं कसं ते मूळ प्रोग्रॅममध्ये, म्हणजे खेळाच्या इंजिनात, कुलूपबंद. १९९३ च्या डूम या खेळाने नकाशे नि चित्रं इंजिनापासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, तिथून मॉडिंगला बहर आला. पण मला हेवा वाटतो तो १९९६ च्या क्वेकवाल्यांचा. त्यांना क्वेकसी भाषेत शत्रूची चालसुद्धा बदलता यायची. डूमचा कोड तर १९९७ मध्ये खुलाच झाला.

आमच्या ट्रेन सिम्युलेटरची दुसरी आवृत्ती काही आलीच नाही. शेवटी हौशी मंडळींनीच नवं इंजिन लिहिलं, ओपन रेल्स, जुन्या फाइली वाचणारं, आणि तेही खुल्या कोडचं. परवा त्यात माझं डब्ल्यूसीएएम-३ टाकलं. वीसेक वर्षांपूर्वीची फाइल, पण मुकाट उघडली. मी भोंगा दिला.

स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला, "ही कुठली गाडी गेली रे?"