बारा टेराबाइट परत आणताना

विमा क्षेत्रातल्या एका ग्राहकाचा बारा टेराबाइटचा डेटाबेस ओरॅकलवरच ठेवायचा, डीबीटूवर न्यायचा की पोस्टग्रेसवर, हे ठरवायचं काम हिंजवडीत आमच्या टीमकडे आलं. पहिल्या मीटिंगमधला तक्ता नेहमीचाच होता: अमुक क्वेरीला इतके सेकंद, तमुक क्वेरीला इतके. मी डीबीए. मला त्यात आणखी एक रकाना हवा होता. सगळं गेलं, तर पुन्हा उभं राहायला किती वेळ?

"ते नंतर बघू, आधी स्पीड," मॅनेजर म्हणाले. मी तिथेच हिशोब मांडला. सेकंदाला ५०० मेगाबाइट सलग मिळाले, तरी बारा टेराबाइट नुसते कॉपी व्हायला साडेसहा तासांहून जास्त लागतात. तेवढा वेळ एकही पॉलिसी निघणार नाही, एकही क्लेम पुढे सरकणार नाही. रकाना वाढला.

कॉपी झाल्यावर बॅकअपनंतरचे लॉग चढवायचे असतात आणि तिथे या सिस्टीम वेगळ्या वागतात. ओरॅकल आणि डीबीटू हे काम अनेक प्रोसेसना वाटून देतात. पोस्टग्रेसमध्ये एकच प्रोसेस ओळीने लॉग लावत जाते. दिवसभर भरपूर लिखाण होणाऱ्या डेटाबेसला हे फार जड जातं, आणि क्वेरीच्या आकड्यांत त्याचा पत्ताच लागत नाही.

पुण्यात असल्याचा इथे फायदा झाला. आनंद देशपांडे डेटाबेस विषयात पीएचडी करून परतले आणि १९९० मध्ये इथे पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू झाली. पोस्टग्रेसवरच उभ्या असलेल्या एंटरप्राइजडीबीचंही इथे ऑफिस आहे. त्यामुळे डेटाबेसच्या पोटात हात घातलेली माणसं या शहरात चहाच्या टपरीवर भेटतात. ब्रोशरमध्ये नसलेलं त्यांना विचारता येतं.

अशाच एका गप्पांत मुद्दा निघाला: जुनी वर्षं बदलतात का? बदलत नव्हती. डेटाचा मोठा भाग बंद झालेल्या पॉलिसींचा होता. मग वर्षवार पार्टिशन पाडून आम्ही चाचण्या पुन्हा लावल्या. ओरॅकलमध्ये जुन्या वर्षांच्या टेबलस्पेस रीड-ओन्ली केल्या, की त्यांचा बॅकअप रोज घ्यावा लागत नाही. चालू वर्षं आधी उभी करायची आणि जुनी मागाहून आणायची, हेही जमतं. पण तिथे पार्टिशनिंगचे पैसे एंटरप्राइझ एडिशनच्या वर वेगळे मोजावे लागतात. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून टेबल बनवतानाच पार्टिशन सांगता येतात, तेही फुकट. तिथलं दुखणं वेगळं. ओळ बदलली की जुनी प्रत टेबलातच राहते आणि व्हॅक्यूमला ती साफ करावी लागते. शिवाय ट्रान्झॅक्शनचा क्रमांक ३२ बिटांचा, तो संपला की पुन्हा सुरुवातीपासून फिरतो, म्हणून जुन्या ओळी वेळेत फ्रीझ कराव्या लागतात. मोठ्या, सतत बदलणाऱ्या टेबलावर हा भार मला स्वतःला नको वाटतो. न बदलणाऱ्या वर्षांना मात्र एकदा फ्रीझ केलं की पुरतं.

चालू व्यवहार ओरॅकलवर आणि जुनी वर्षं पोस्टग्रेसवर, अशी शिफारस आम्ही दिली. डीबीटू तांत्रिकदृष्ट्या कुठेच कमी नव्हता, पण ग्राहकाकडे तो सांभाळणारी माणसं नव्हती आणि मध्यरात्री फोन माणसालाच जातो. ग्राहकाने शिफारस मान्य केली. करारात आम्ही एक कलम आग्रहाने घालून घेतलं: दर तिमाहीला वेगळ्या मशीनवर पूर्ण रिस्टोअर करायचा आणि लागलेला वेळ ग्राहकाला लेखी कळवायचा.