देवबागची दोरी

मालवणला जायचे आणि सिंधुदुर्ग न पाहता परतायचे, हे मराठी माणसाच्या हातून सहसा घडत नाही. आमच्याही हातून घडले नाही. १६६४ साली कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी झाली, तो किल्ला गेल्या मार्गशीर्षात आम्ही सहकुटुंब पाहिला. चिरंजिवांनी तटावरून धावून आईचा जीव टांगणीला लावला, आणि संध्याकाळी खानावळीत सोलकढीचा तिसरा पेला रिचवून मी जाहीर केले, "उद्या देवबाग!"

देवबाग म्हणजे एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि दोहोंच्या मधे माडांची लांबट पट्टी. तारकर्ली ओलांडून दक्षिणेला जावे तशी ही पट्टी निमुळती होत जाते आणि शेवटी संपतेच. तिथे नदी समुद्राला मिळते. पलीकडे भोगव्याची टेकडी. नदीचे पाणी हिरवे, संथ. आणि मुखाशी मात्र वाळूच्या उथळ बांधावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. लांबून ती रेघ फार सुंदर दिसते. जवळून कशी दिसते, हे आम्हाला लवकरच कळायचे होते.

होडीवाले आबा सत्तरीच्या घरातले. बरोबर त्यांचा नातू, वय अठरा-एकोणीस, डोळे तांबारलेले. आम्ही चौघे आणि आमच्या आत्याबाई फुगीर जाकिटे चढवून बसलो. काठाला पाणी उथळ, तिथे इंजिनाचा पंखा खाली सोडता येत नाही. म्हणून आबांनी काठी रेटून होडी खोल पाण्यात नेली. नातवाने मागचे इंजिन खाली केले आणि दोरी ओढली.

इंजिन खोकले. पुन्हा ओढली. पुन्हा खोकले. पाचव्या ओढीला खोकलेसुद्धा नाही.

नदीला तेव्हा ओहोटी लागली होती. इकडे तिला सुकती म्हणतात. काठावरचे माड सावकाश मागे सरकू लागले तेव्हा मुले खूश झाली. "बाबा, इंजिनाशिवाय चाललीय!" ती खरोखरच चालली होती, समुद्राकडे.

अशा वेळी शहरातल्या पुरुषाच्या अंगात काय संचारते कोण जाणे! मी बाह्या सारल्या. "सर, मला दे," म्हणालो. वीस वर्षे स्कूटरला लाथ मारल्याचा अनुभव गाठीशी होता. पहिल्या झटक्यात दोरी निम्म्यावर अडली आणि खांदा कळवळला. दुसऱ्या झटक्यात माझ्या कोपराने आत्याबाईंचा चष्मा उडवला. तिसऱ्याला तळहाताची साल निघाली. पेट्रोलचा वास सुटला आणि लाटांचा आवाज आता स्पष्ट ऐकू येऊ लागला. मुलांचे हसणे थांबले होते. सौ.ने धाकटीला कुशीत ओढले. ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही, आणि त्यावरूनच प्रसंग कसा आहे ते मी ओळखले.

"सोडा ती दोरी," आबा म्हणाले. मग नातवाकडे वळून, "आधी नांगर टाक रे! इंजिन मागसून बघूया."

नांगर पडला. थोडा वाळूत फरपटला, मग रुतला. होडीने गिरकी घेऊन प्रवाहाकडे तोंड केले आणि थांबली. पांढरी रेघ हाकेच्या अंतरावर होती.

आबांनी नातवाला एकच प्रश्न विचारला. "काल बंद करताना पेट्रोलार घेतलंस काय तसाच घासलेटार बंद केलंस?"

पोराची मान खाली गेली. "दशावतार बघूक जावचा होता, आबा. घाई झाली."

मग मला उलगडा झाला. आबांचे इंजिन घासलेटवर चालणारे. घासलेट स्वस्त, पण थंड इंजिनात ते सहजी पेट घेत नाही. म्हणून सुरू करायचे पेट्रोलवर, तापले की घासलेटवर घ्यायचे आणि बंद करण्याआधी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर चालवायचे, म्हणजे सकाळसाठी कार्बोरेटरात पेट्रोल शिल्लक राहते. पोराने ती काही मिनिटे वाचवली होती. रात्रभर त्याने राजे-राक्षसांची युद्धे पाहिली आणि कार्बोरेटरात घासलेट निवांत झोपले.

आबांनी कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून आतले घासलेट करवंटीत उतरवले. प्लग काढून पुसला, वाळवला, बसवला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना ते पाहिले; तो बंद असला तर तेल खाली येत नाही. नळीतला रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला. गिअर मोकळा, चोक बाहेर. मग दोरी हळूच ओढली, आत दाते लागल्याचे हाताला जाणवेपर्यंत. आणि तिथून एक सरळ, लांब ओढ. दुसऱ्या ओढीला इंजिन धडधडले. आबांनी चोक आत सारला. मागून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार उडू लागली, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

"इंजिनाक जोर नको, साहेबानू. शिस्त होयी."

असे इंजिन लोकप्रिय करणाऱ्या ओले एव्हिनरूड या अमेरिकेतल्या नॉर्वेजियन कारागिराची एक आख्यायिका आहे. भर उन्हात तो तळ्यापलीकडून वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम वल्हवत आणत होता. ते वाटेतच वितळले, आणि त्याच्या डोक्यात होडीच्या इंजिनाची कल्पना आली. १९०९ साली त्याने विकायला काढलेले इंजिन दीड अश्वशक्तीचे, वजन ६२ पौंड. त्याला ओढायची दोरीही नव्हती. चाकावरची मूठ धरून ते हाताने फिरवावे लागे. म्हणजे साली निघालेल्या तळहातांची परंपरा माझ्यापासून सुरू झाली नाही, एवढेच समाधान!

पुढची सफर छान झाली. संगम पाहिला, २००४ च्या त्सुनामीचे नाव लागलेले वाळूचे बेट पाहिले, धाकटीने शिंपले वेचले. पण माझे लक्ष परतीच्या वाटेवर होते. काठ अजून दूर असतानाच आबांनी काही न बोलता नातवाकडे पाहिले. पोराने मुकाट्याने घासलेट बंद करून पेट्रोल चालू केले. होडी काठाला लागेपर्यंत कुणीच बोलले नाही.

उतरताना त्याने हळूच विचारले, "आबा, आज रात्री पण नाटक आसा. जाव?"

"जा," आबा म्हणाले.

सौ.ने पर्समधून मलम काढून माझ्या तळहाताला लावले. "घरचा गॅस रात्री बंद करायला तुम्ही किती वेळा विसरता," ती म्हणाली, "ते मी आता मोजणार आहे."