भिंतीवरचं मत

शहर कुणाचं होतं हे समजून घ्यायचं तर त्याच्या रस्त्यावरून चालावं. पॉम्पेईतल्या व्हिया देल अबोंदांत्सावर मला हे पुरतं पटलं. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या या रोमन शहराचा हा हमरस्ता. पश्चिमेला फोरम, पूर्वेला सार्नो दरवाजा. फोरमच्या तोंडाशी उभे दगड रोवून गाड्यांची वाट अडवलेली. पलीकडे देवळं, सभागृहं, मानकऱ्यांचे पुतळे.

रस्त्यावर मात्र सगळ्यांचीच वर्दळ. काळ्या फरसबंदीत गाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. पाय न भिजवता पलीकडे जाता यावं म्हणून मधे उंच दगड बसवलेत, आणि चाकं निघून जातील एवढी फट त्यांच्यात राखलीय. हौदाच्या कठड्यावर पाणी घेणाऱ्यांच्या हातांनी दगड गुळगुळीत झालाय. स्टाबियन स्नानगृह, स्टेफानसचा धुलाईखाना, मग व्हेटुटियस प्लासिडसची खाणावळ. तिच्या कट्ट्यात मातीचे रांजण पक्के बसवलेले आहेत. एका रांजणात जवळपास तीन किलो नाणी सापडली.

व्हित्तोरिओ स्पिनात्सोला यांनी 1911 पासून या रस्त्याचा पूर्वेकडचा भाग खणला. सुरुवातीच्या उत्खननांत घरांतली चित्रं आणि मौल्यवान वस्तू यांवर भर असे. स्पिनात्सोलांनी दुकानांचे दर्शनी भाग जागच्या जागी राखले, म्हणून भिंतींवरचा निवडणुकीचा प्रचार आपल्याला वाचता आला. आसेलिना नावाच्या बाईच्या मद्यालयाबाहेर तर बायकांचीच नावं मिळाली. एगले, मारिया, झ्मिरिना. अमक्याला निवडून द्या, असं त्या सांगत होत्या. नावांवरून परमुलखातल्या, बहुधा दासी असाव्यात. रोमन कायद्यात बाईला मताचा अधिकार नव्हता. झ्मिरिनाच्या नावावर तर कुणीतरी चुना फासला होता. तरीही ते वाचता आलं.

या भिंतीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. कायद्याने दिलेल्या हक्कांवरूनच नागरिक मोजायचे, तर या बायका हिशेबातच येत नाहीत. पण कारभारी चांगला निघाला काय, वाईट निघाला काय, त्याची झळ त्यांनाही लागणारच होती. त्याबद्दल बोलायला त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही. भर रस्त्यावर, स्वतःच्या नावानिशी त्या बोलल्या. फोरममधल्या पुतळ्यांपेक्षा मला हे नागरिकत्व मोठं वाटतं. पुतळे शहराने दिलेल्या मानाचे असतात. झ्मिरिनाला शहराने काहीच दिलं नव्हतं, तरी तिने ते आपलं मानलं.