रमाबाईंची आठ वर्षं

आमच्या मंडळ्यांमध्ये साक्षीच्या सभा होतात. ज्याला प्रभू भेटला त्याने उभं राहावं, कधी भेटला, कसा भेटला ते सांगावं, अशी रीत. बहुतेक जण तारखेसकट सांगतात. मराठी मंडळीचा इतिहास शिकवताना मला मात्र पुन्हा पुन्हा पंडिता रमाबाईंकडे जावं लागतं. त्यांच्या बाप्तिस्म्याची तारीख सर्वांना ठाऊक आहे: 29 सप्टेंबर 1883, इंग्लंडमधलं वाँटेज गाव. आणि त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे.

वाँटेजला पोचल्या तेव्हा त्या 25 वर्षांच्या होत्या. आईवडील 1874च्या दुष्काळात गेलेले, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली नवरा कॉलऱ्याने गेला. पदरी लहानगी मनोरमा. डॉक्टर व्हायचं म्हणून गेल्या, पण ऐकायला कमी येत असल्यामुळे तेही राहिलं. अशा एकाकी बाईने, ज्यांच्या आधाराने राहते आहे त्या जोगिणींचं म्हणणं निमूट मान्य केलं असतं, तर कोणी दोष दिला नसता. रमाबाईंनी तसं केलं नाही. त्या जोगिणींपैकी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचं ईश्वरत्व, पाळकांचा अधिकार अशा एकेका प्रश्नावर त्या अडून बसतात. जे मनाला पटलं नाही ते पटलं असं म्हणत नाहीत, आणि पटलं नाही म्हणून ख्रिस्ताकडे पाठही फिरवत नाहीत. मधल्या त्या जागी त्या सुमारे आठ वर्षं राहिल्या. त्याच काळात अमेरिका पाहिली, ग्रंथ लिहिला, 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. काम थांबलं नव्हतं. आतली तहान मात्र तशीच होती, आणि ती त्यांनी लपवली नाही.

1891च्या सुमारास त्यांना शांती मिळाली. आपली विद्वत्ता, आपलं पुण्य, आपली सेवा यांतलं काहीही पुढे न करता, आहे तशीच मी देवापुढे जाऊ शकते, एवढं त्यांना उमगलं. शास्त्रांमध्ये वाढलेल्या पंडितेला हे इतकं साधं कळायला आठ वर्षं लागली, यात मला नवल वाटत नाही. उसनी खात्री त्यांना चालणारी नव्हती.

प्रभूची वाट पाहण्याविषयी उपदेश करताना आम्ही यशयाच्या ग्रंथातला 40वा अध्याय हमखास काढतो. गरुडाच्या पंखांवर सगळेच रमतात. पण तो दिलासा बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना आहे. यरुशलेम पडलेलं, मंदिर जळलेलं, एक पिढी परमुलखात म्हातारी झालेली. देवाने आपल्याकडे डोळेझाक केली, ही त्यांची तक्रार त्याच अध्यायात नोंदलेली आहे, आणि ती तक्रार करणाऱ्यांनाच नव्या शक्तीचं वचन आहे. त्या वचनाचा क्रमही पाहा: आधी उडणं, मग धावणं, शेवटी चालणं. आपण लिहिलं असतं तर उलट लिहिलं असतं. बंदिवासातून परतायची वाट लांबची होती आणि ती पायीच तुडवायची होती, हे ध्यानात घेतलं की चालणं शेवटी का आलं ते कळतं.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती या संस्थेत 1905 साली झालेल्या संजीवनाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. जानेवारीत थोड्या जणी प्रार्थनेला जमू लागल्या, जूनपर्यंत ती संख्या 550च्या घरात गेली, आणि महिनाअखेर पवित्र आत्म्याचा तो जोरदार अनुभव आला. मला त्यापेक्षा रमाबाईंची शेवटची वर्षं महत्त्वाची वाटतात. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि भाषांतराला बसल्या. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायका-मुली खिळे जुळवत, मुद्रितं काढत. रमाबाई ती तपासत, पुन्हा दुरुस्त करत. असं वर्षानुवर्षं. जुलै 1921मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच गेली, आणि आईने काम पुढे चालू ठेवलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. 1924 साली ते ग्रंथरूपाने आलं. छापलेला पूर्ण ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. यशयाने सांगितलेलं चालणं ते हेच, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

मागे एका उपासनेनंतर एक बाई थांबल्या. म्हणाल्या, "सर, सगळे सांगतात तसं मला काहीच होत नाही. प्रार्थना करते, पण समोर कोणी आहे असं वाटत नाही. माझं काही चुकतंय का?" मी त्यांना रमाबाईंची आठ वर्षं सांगितली. तुम्ही रोज ज्याच्याशी बोलता त्याच्यावर तुमचा भरवसा आहे, म्हणूनच तर बोलता, एवढंच पुढे म्हणालो. त्यांना कोणी हे आधी सांगितलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

आपल्या पाळकांना आणि वडीलजनांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदाच्या आगमनकाळात साक्षीची सभा घ्याल, तेव्हा 'मी अजून वाट पाहतो आहे' असं म्हणणाऱ्यालाही उभं राहू द्या, त्याचं पूर्ण ऐकून घ्या, आणि लगेच उपदेश करू नका.