आधी थांबा, मग उचला

माणूस पडला की आपल्याकडे पहिली हाक येते, ‘उचला रे!’ दोघंचौघं धावतात, एक काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो. मायेपोटीच चाललेला असतो तो धसमुसळेपणा. पण त्या हिसक्यानं म्हाताऱ्या खांद्याचा सांधा निखळू शकतो, खुब्याचं मोडलेलं हाड जागचं सरकतं, आणि उचलणाऱ्याची कंबर धरते ती वेगळीच.

आमच्या तुळजापुरात उचलण्याची एक जुनी रीत आहे. आई भवानीची मूर्ती चल. वर्षातून तीनदा ती सिंहासन सोडून पलंगावर निद्रेला जाते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला तिच्याभोवती साड्यांचं दिंड गुंडाळतात, मग तिला पालखीत घेतात. संबळ कडाडत असतो, कुंकू उधळत असतं, तरी आधी ते मऊ वेढे आणि मगच उचलणं, हा क्रम चुकत नाही.

आत्यासाठी घरी पेशंट लिफ्ट आली, तेव्हा मला हे दिंडच आठवलं. लोखंडी खांब, त्यातून पुढं आलेला बाहू, खाली चाकांचे दोन लांब पाय, हापशासारखा दांडा असलेला तेलाचा पंप आणि एक कापडी झोळी. वीज गेली तरी अडत नाही. मात्र बाहू जमिनीवरच्या माणसापर्यंत खाली येतो का आणि यंत्र किती किलो पेलतं, हे आधीच पाहून ठेवावं लागतं.

आत्या न्हाणीघरासमोर घसरली. “उठिव की रं मला,” म्हणाली. मी शेजारी खाली बसलो. शुद्ध आहे, डोक्याला मार नाही, मान दुखत नाही, दोन्ही पाय सारखे दिसतात. एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला असता, तर झोळीला हात न लावता १०८ ला फोन करायचा, हे ठरलेलं होतं.

मग बायकोनं तिला अलगद कुशीवर वळवलं, मी अर्धी झोळी पाठीमागं सरकवली. दुसऱ्या कुशीवर वळवून उरलेली ओढून घेतली. मांड्यांखालून पट्टे घेतले. लिफ्टचे पाय फाकवले, कारण ते मिटलेले असले की यंत्र कलंडू शकतं. बाहू उतरवताना तो कपाळावर आदळू नये म्हणून एक हात मध्ये धरला. चारही कड्या अडकवल्या, पंप मारला, आणि ती जमिनीपासून चार बोटं सुटताच थांबलो. पट्टे पुन्हा चाचपले. मगच पुढचं. शहाबादी फरशीच्या सांध्यांवर चाकं अडखळतात, उंबरा तर ओलांडताच येत नाही. म्हणून तिला दूर न नेता खुर्चीच लिफ्टखाली आणली.

एवढा वेळ बायकोचा हात आत्याच्या मानेखाली होता आणि दोघींचं गावातल्या कुणाच्या तरी लग्नावर बोलणं चाललं होतं. वजन पंपानं घेतलं, म्हणून हे जमलं. चौघांनी उचलताना चौघांचंही लक्ष ओझ्याकडे असतं. धापा टाकणाऱ्या त्या चेहऱ्यांकडे पाहून पडलेलं माणूस ओशाळतं, पुढच्या वेळी पडलं तरी हाक मारत नाही. पंपाला धाप लागत नाही. आत्या आता बिनदिक्कत हाक मारते, आणि यंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो.